नियम पाठ आहेत, तरी गणित चुकतं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या घरी शिवणकाम करतात. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीत आहे. सातवीपर्यंत गणितात बरे गुण असायचे, यंदाच्या घटक चाचणीत २० पैकी ६ मिळाले. बहुतेक गुण गेले ते घातांकांच्या ‘सरळ रूप द्या’ या प्रश्नांत. क्लासच्या सरांनी नियमांचा तक्ता दिला, तो भिंतीवर चिकटवला आहे. मुलगी रोज सकाळी तो मोठ्यानं म्हणते, झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगेल; पण वही उघडली की चुका त्याच. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आहे. नात्यातली मंडळी म्हणतात, ‘हिला गणिताचं डोकं नाही, पुढे आर्ट्सला घाला.’ ताई विचारतात : क्लास बदलू का? मराठी माध्यमात घालू का? आणि मी स्वतः दहावीनंतर शिकले नाही, मी तिला काय मदत करणार? सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो आहेत.

ताई,

तुमच्या पत्राआधी मी वहीची ती दोन पानं पाहिली, आणि बराच वेळ पाहत बसले. तुमच्या मुलीबद्दल पत्रापेक्षा त्या पानांनी मला जास्त सांगितलं. आधी तेच सांगते, मग क्लास आणि माध्यमाकडे वळते.

एक खुलासा. वर चढवलेला बारीक अंक फोनवर नीट उमटत नाही, म्हणून मी घातांक ^ या खुणेपुढे लिहिते. २^३ म्हणजे २ चा तिसरा घात. तिच्या पुस्तकात एक्स-वाय असतील, मी आपले जुने क्ष आणि य वापरते.

तर त्या पानांवर हे आहे :

क्ष^३ × क्ष^४ = क्ष^१२ (चूक)
क्ष^८ ÷ क्ष^२ = क्ष^४ (चूक)
क्ष^२ + क्ष^३ = क्ष^५ (चूक)
क्ष^२ × क्ष^२ = क्ष^४ (बरोबर)

तुम्ही लिहिलंय की ती ‘काहीही’ लिहिते. पण ताई, हे काहीही नाही. मध्ये गुणाकाराची खूण दिसली की ती घातांकांचा गुणाकार करते, भागाकार दिसला की भागाकार, बेरीज दिसली की बेरीज. चारही ओळींत तिनं एकच नियम पाळला आहे. नियम चुकीचा आहे, पण तो तिनं इमानानं पाळला आहे. डोकं नसलेलं मूल असं करत नाही, ते प्रत्येक ओळीत वेगळं चुकतं. आणि ज्या चौथ्या ओळीवर बरोबरची खूण आहे ना, मला काळजी तिचीच वाटली. २ आणि २ यांची बेरीजही ४ आणि गुणाकारही ४, म्हणून चुकीच्या नियमानं बरोबर उत्तर आलं. त्या खुणेनं तिला वाटलं असणार की आपली रीत ठीक आहे.

म्हणजे ‘गणिताचं डोकं नाही’ हे या वहीवरून तरी सिद्ध होत नाही. वहीवरून एवढंच दिसतं की घातांक म्हणजे काय, हे तिला कुणी हाताला धरून दाखवलेलं नाही. तक्त्यातला ‘एम प्लस एन’, म्हणजे गुणाकारात घातांकांची बेरीज करायची हा नियम, तिला पाठ आहे. पण ते एम आणि एन कशाची मोजणी करतात, हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

मी अनेक वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीही असाच तक्ता फळ्यावर लिहून देत असे. एका मुलानं एकदा विचारलं, ‘बाई, पाचचा शून्यावा घात एक कसा? शून्य पाच म्हणजे शून्यच ना?’ मी म्हटलं, ‘तो नियम आहे, लक्षात ठेव.’ तो खाली बसला आणि त्यानंतर त्या वर्षात त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या मुलीनंही ५^० = ० लिहिलंय. तिचा प्रश्नही तोच आहे, फक्त तिनं तो विचारलेला नाही.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगते. तुम्ही स्वतःला या कामातून बाजूला काढलंत, ते मला मान्य नाही.

पहिली गोष्ट अगदी घरातली. तिला विचारा, ‘शंभर लाख म्हणजे किती?’ ती पटकन म्हणेल, एक कोटी. मग शून्यं मोजायला सांगा. शंभरावर दोन, लाखावर पाच, कोटीवर सात. १०^२ × १०^५ = १०^७. दोन आणि पाच यांची बेरीज झाली. तिच्या वहीतल्या रीतीनं गेलं तर कोटीवर दहा शून्यं यायला हवी होती. म्हणजे तक्त्यातला पहिला नियम तिला शाळेत जाण्याआधीपासून येतो, फक्त हाच तो नियम हे तिला ठाऊक नाही. आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत दहादहा पटींच्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे १०^१७.

‘घात’ हा शब्दही तिच्याशी बोला. आपण रोजच्या बोलण्यात घात म्हणजे दगाफटका म्हणतो, म्हणून मुलांना तो शब्द अनोळखी आणि थोडा भीतीदायक वाटतो. जुन्या गणितात घात म्हणजे गुणाकार. त्याच ‘लीलावती’त वर्गाला ‘समद्विघात’ म्हटलंय, दोन सारख्या संख्यांचा गुणाकार. आणि घनाला ‘समत्रिघात’, तीन सारख्या संख्यांचा. हा ग्रंथ साधारण ११५० सालचा. घातांक म्हणजे सारख्या संख्या किती वेळा गुणायच्या त्याचा अंक, एवढा अर्थ त्या शब्दातच आहे. इंग्रजीतल्या ‘पॉवर’मधून मुलांना फक्त ताकद कळते.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली. एक पातळ ओढणी घ्या. समजा ती २ मीटर ४० सेंटिमीटर लांब आहे. लांबीच्या मधोमध एक घडी घाला, कापड दुपदरी झालं. पुन्हा तशीच घडी, चौपदरी. तिसरी घडी, आठ पदर. ८ म्हणजे २^३, कारण तीन वेळा दुप्पट झालं. आता थांबा आणि तिला वहीत लिहायला सांगा : यानंतर आणखी दोन घड्या घातल्या तर २^३ × २^२ किती? तिच्या रीतीनं २^६ येईल, म्हणजे ६४ पदर. घड्या घाला आणि काठाला बोट लावून पदर मोजायला सांगा. ३२ भरतील. एकूण घड्या पाच, २^५. तीन घड्या आणि वर दोन घड्या मिळून पाच घड्या होतात, सहा कशा होतील? हे तुम्ही सांगू नका, तिला बोलू द्या. तिला बोलायला दोन मिनिटं लागली तर दोन मिनिटं गप्प राहा. या सगळ्यात मला हेच सगळ्यात अवघड वाटत आलं आहे.

मग दोन घड्या उलगडा. बत्तीसचे आठ झाले, पाचाच्या तीन घड्या राहिल्या. भागाकारात घातांक वजा का होतात, ते झालं. सगळ्या घड्या उलगडा आणि विचारा, आता घड्या किती? शून्य. पदर किती? एक. ओढणी काही नाहीशी झालेली नाही. म्हणून २^० = १. मी त्या मुलाला हे दाखवायला हवं होतं.

पुढे उणे घातांक येतील, त्यांनाही हीच ओढणी पुरते, फक्त पदरांऐवजी लांबीकडे बघायचं. तीन घड्यांनंतर २४० सेंटिमीटरची लांबी ३० सेंटिमीटर होते, म्हणजे आठवा हिस्सा. २^(−३) म्हणजे १/८. मुलं उणे घातांक दिसला की उत्तरच उणे करून टाकतात. घड्या घालून ओढणीची लांबी कधी उणे होत नाही, लहान होत जाते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती चूक बरीच कमी होते.

दुसऱ्या पानावर (२क्ष)^३ = २क्ष^३ आहे. इथेही तुमचाच धंदा कामाला येईल. समजा गिऱ्हाईक म्हणालं, कुर्ता-सलवारीचे तीन जोड शिवा. तुम्ही तीन सलवारी आणि एकच कुर्ता दिलात तर चालेल का? कंसात २ आणि क्ष यांचा जोड आहे, आणि जोड तीन वेळा घ्यायचा आहे. २क्ष × २क्ष × २क्ष, म्हणजे तीन दोन आणि तीन क्ष : ८क्ष^३. तिनं कुर्ता एकच दिला.

पण हा दाखला एका ठिकाणी थांबवायला हवा. तिनं (अ + ब)^२ = अ^२ + ब^२ असंही लिहिलंय. तिथे कंसात गुणाकार नाही, बेरीज आहे, आणि जोडाची कल्पना तिथे लावली तर हीच चूक होते. तिथे रांगोळी काढा. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके, एकूण २५. आता पाचाचे ३ आणि २ असे भाग करणाऱ्या दोन रेषा मारा, एक उभी, एक आडवी. एका कोपऱ्यात ९ ठिपक्यांचा चौरस, समोरच्या कोपऱ्यात ४ ठिपक्यांचा. तिच्या सूत्रानं झाले १३. उरलेले १२ कुठे गेले? सहा-सहाच्या दोन आयतांत, ३ × २ असे दोनदा. सूत्रातले २अब ते हेच. बारा ठिपके डोळ्यांसमोर सुटलेले दिसले की पाठ करण्याची वेगळी गरज राहत नाही.

आता खुद्द ‘सरळ रूप द्या’कडे. निदान दोन आठवडे तिला तक्त्याकडे न बघता प्रत्येक पद उलगडून लिहू द्या. क्ष^३ × क्ष^४ असेल तर क्ष.क्ष.क्ष आणि पुढे क्ष.क्ष.क्ष.क्ष, मग मोजायचं. वेळ लागेल, पानं भरतील, क्लासमधल्या मुली तिच्या पुढे जातील. जाऊ द्या. घातांक वर चढवून लिहिण्याची आजची रीत रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं १६३७ मध्ये छापलेल्या भूमितीच्या पुस्तकातून रुळली, आणि वर्गासाठी मात्र तो स्वतः पुष्कळदा एकच अक्षर दोनदा लिहायचा. उलगडून लिहिणं हे कच्चेपणाचं लक्षण नाही. चार-पाच दिवसांत ती कंटाळून म्हणेल, ‘आई, एवढं कशाला लिहायचं, सरळ बेरीज करू ना?’ त्या क्षणाची वाट बघा. तो नियम तिचा झाला.

आणि क्ष^२ + क्ष^३ उलगडून पाहिलं की तिथे एकत्र करण्यासारखं काही नाही हेही दिसतं. एकीकडे दोन क्षंचा गुणाकार, दुसरीकडे तीन क्षंचा. ती सजातीय पदं नाहीत. दोन मीटर कापड आणि तीन डझन बटणं मिळून पाच काही होत नाही, तसं. क्ष^३ + क्ष^३ मात्र २क्ष^३ होतं, आणि क्ष^३ × क्ष^३ झालं क्ष^६. ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी लिहून ठेवायला सांगा.

एक मोठं उदाहरण करून दाखवते, कारण परीक्षेत असंच येतं. अंशात (३क्ष^२य)^२ × २क्ष, छेदात ९क्ष^३य. आधी कंस सोडवायचा, जोडातली प्रत्येक वस्तू दोनदा : ९क्ष^४य^२. त्याला २क्ष नं गुणलं : १८क्ष^५य^२. क्ष^४ आणि नुसता क्ष मिळून क्ष^५, कारण नुसत्या क्षचा घातांक १ असतो; तो लिहीत नाहीत म्हणून पुष्कळ मुलं त्याला शून्य समजतात. मग छेदानं भाग : १८ भागिले ९ बरोबर २, पाच क्षांतून तीन गेले, दोन राहिले, दोन ‘य’मधून एक गेला, एक राहिला. उत्तर २क्ष^२य.

हे बरोबर की चूक, ते पुस्तकामागची उत्तरं न बघता घरीच कळतं, आणि ते तपासण्याचं काम तुम्ही करा. क्षच्या जागी ३ आणि यच्या जागी २ घाला, फोनवरचा कॅल्क्युलेटर घ्या. मूळ प्रश्नात कंसाची किंमत ५४, तिचा वर्ग २९१६, त्याला २क्ष म्हणजे ६ नं गुणून १७४९६. छेद ४८६. भागाकार ३६. तिच्या उत्तरात २ × ९ × २, तेही ३६. जुळलं. जुळलं नाही तर कुठेतरी चूक आहे, आणि ती कुठे आहे ते तिनं शोधायचं. याला तुमची दहावी पुरून उरते. दोन पथ्यं पाळा : अक्षराच्या जागी ० किंवा १ कधी घालू नका, १ चा कितवाही घात १ असल्यानं घातांकांतल्या चुका त्याच्यामागे लपतात. आणि अक्षर एकच असेल तर २ पण टाळा, २ + २ आणि २ × २ चा घोळ आपण वर पाहिलाच. ३ चांगला.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हे विशेष कामी येईल. तिथे पर्याय दिलेले असतात, आणि क्ष^३ × क्ष^४ ला क्ष^७ च्या शेजारी क्ष^१२ हा पर्याय बहुधा असतोच. पण ताई, यंदाच्या शिष्यवृत्तीसाठी घाई करू नका. मिळाली तर आनंद. घातांक पक्के झाले नाहीत तर आठवीतलं चक्रवाढ व्याज, नववीतल्या बहुपदी, विज्ञानातली मोठी अंतरं, सगळंच अडत राहील, आणि ते शिष्यवृत्तीपेक्षा महाग पडेल.

माध्यम बदलण्याबद्दल. वर्षाच्या मध्ये मुळीच बदलू नका. अडचण इंग्रजीची असती तर वहीतल्या चुका शाब्दिक उदाहरणांत दिसल्या असत्या, आणि इथे तर नुसत्या खुणा आहेत. मात्र शब्दांचं ओझं तिच्यावर आहे, ते हलकं करता येईल. वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहू द्या : बेस म्हणजे पाया, इंडेक्स म्हणजे घातांक, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, लाइक टर्म्स म्हणजे सजातीय पदं, सिंप्लिफाय म्हणजे सरळ रूप द्या. तुम्ही मराठीत विचारा, ती इंग्रजीत लिहील. तुमचं मराठीतलं गणित तिला इथे उपयोगीच पडेल.

क्लास लगेच सोडू नका, आणि सरांशी भांडूही नका. तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन आधी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना भेटा, मग क्लासच्या सरांना. गुण कमी का, असं विचारू नका. मी वर लिहिलेल्या चार ओळी त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, ‘ती खुणेप्रमाणे घातांकांवर क्रिया करते आहे. हिच्याकडून फळ्यावर एक उदाहरण बोलून करून घ्याल का?’ चांगला शिक्षक यावर थांबून विचार करेल. महिनाभरानं तिथून फक्त ‘नियम पाठ कर’ एवढंच उत्तर येत राहिलं, तर मग दुसरीकडे बघा. मोठ्या नावाच्या क्लासपेक्षा जिथे दहा-बाराच मुलं आहेत आणि मुलांना प्रश्न विचारता येतात असा.

आर्ट्स, सायन्स हे दहावीनंतरचं. आर्ट्सला जाणं कमीपणाचं नाही, आवडीनं गेली तर उत्तम. पण आठवीतल्या एका चाचणीच्या जोरावर तेरा वर्षांच्या मुलीला एक दार बंद करून देणं मला पटत नाही. नात्यातली मंडळी हे वाक्य तिच्यासमोर म्हणतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणत असतील तर त्यांना थांबवा. तेवढं माझ्यासाठी करा.

तो भिंतीवरचा तक्ता फाडू नका. त्याखाली एक कोरा कागद लावा. ज्या नियमाचं कारण ती तुम्हाला ओढणीवर, ठिपक्यांत किंवा उलगडून दाखवू शकेल, तो नियम तिनं स्वतःच्या अक्षरात त्या कागदावर उतरवायचा, शेजारी स्वतःचं एक उदाहरण. शून्याचा नियम आधी येईल बहुतेक. कागद अर्धा भरला की मला फोटो पाठवा, आणि वहीचं एखादं नवं पानही, चुकांसकट.